भाऊ आला होता की नाही

रविवारी दुपारी मेडिकलचं शटर खाली ओढलं की मला जेवण जात नाही. सिनेमा मी निवडलेला असेल तर नाहीच. महाडच्या पुरानंतर घरातली जपण्यासारखी प्रत्येक वस्तू आम्ही वरच्या मजल्यावर नेली, तसा मोठा टीव्हीही गेला, आणि तिथे आम्ही तिघं जमतो. मी, पोलादपूरचे काका आणि बिरवाडीचा केमिस्ट. माझे यजमान सुरुवातीला थोडा वेळ बसतात आणि पहिलं भांडण सुरू झालं की आतल्या खोलीत जाऊन झोपतात.

काकांचं आयुष्य जमीन मोजणीच्या खात्यात गेलं. निवृत्तीनंतर ते रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आमच्या दुकानात येऊ लागले. एकदा मी काउंटरवर मोबाइलवर सिनेमा बघत होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि सांगितलं, एक तर सिनेमा तळहातावर बघायचा नसतो, आणि दुसरं, ह्याच दिग्दर्शकाचा आधीचा बघ, म्हणजे हा किती पोकळ आहे ते कळेल. मला राग आला. मी आधीचा बघितला आणि पुढच्या खेपेला गोळ्यांबरोबर उत्तर दिलं की आधीचाच पोकळ आहे. ते खूश झाले. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळायला लागली तेव्हा आम्ही भांडण रविवारवर ढकललं.

केमिस्ट आमच्यात नंतर आला. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी, बिरवाडीत भाड्याची खोली, घर लांब जळगावकडे. पित्ताची गोळी घ्यायला आला आणि आमचं बोलणं ऐकत उभाच राहिला. "हा बघायलाच पाहिजे" हे त्याचं ठरलेलं वाक्य. दर आठवड्याला त्याला एक असा सिनेमा सापडतो, की जो बघितला नाही तर माणूस फुकट जगला.

त्यानेच तो मल्याळम सिनेमा आणला. दोन भाऊ, वाटणीवरून बिनसलेलं. शेवटी धाकटा होडीत बसून गाव सोडून जातो. काकांनी तो घरी मोठ्या टीव्हीवर आधीच बघितला होता आणि त्यांचं मत तयार होतं. थोरला भाऊ निरोप द्यायला येत नाही, आणि दिग्दर्शकाने तिथे डोळ्यांतून एक थेंबही पाझरू दिलेला नाही, म्हणून हा सिनेमा मोठा, असं ते कितीतरी वेळ सांगत होते.

केमिस्ट गोंधळला. "काका, थोरला येतो की. झाडाखाली उभा असतो."

काका म्हणाले, तू दुसराच सिनेमा बघितलास. मीही म्हटलं की येतो, मला दिसला होता. काका हट्टाला पेटले. हद्दीच्या वादात शेतकऱ्यांना जसं समजावत असतील तसं आम्हाला समजावायला लागले, की माणसाला जे हवं असतं ते त्याला दिसतं. शेवटी केमिस्टने तो प्रसंग लावला आणि होडी किनाऱ्यापासून सुटली तिथे थांबवला. पडद्याच्या डाव्या कडेला फणसाच्या झाडाखाली पांढऱ्या लुंगीतला माणूस उभा होता.

"कुठे?" काका म्हणाले.

केमिस्ट उठला आणि त्याने पडद्यावर बोट ठेवलं. काकांनी मान बोटाच्या दिशेने वळवली, तेव्हा त्यांना तो माणूस दिसला. मग त्यांनी मान सरळ केली. पुन्हा वळवली. पुन्हा सरळ केली. माझ्या मनात एकेक गोष्ट जागेवर येऊन बसत होती. जिना उतरताना त्यांचा खांदा भिंतीला लागायचा. चहाचा कप कोपरापाशी ठेवला तर ते तो कुठे आहे म्हणून विचारायचे. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमले होते, तेव्हा त्या गर्दीतून माझ्याकडे येताना ते बाजूने येणाऱ्या माणसांवर आदळले होते आणि वर पोहोचल्यावर चिडून म्हणाले होते की लोक अंगावर येतात. मी रोज डोळ्यांची औषधं विकते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही त्यांना पुण्याला नेलं. गाडी आमची, चालवायला केमिस्ट, मागे काका, काकू आणि मी. वरंध्यावरून घाट चढताना एरवी काका कुठली वाडी कोणाची आणि कुठला बांध कसा सरकला ते सांगत बसतात. त्या दिवशी ते समोरच बघत राहिले. मी मोबाइल पर्समध्ये ठेवत होते आणि पुन्हा काढत होते. घाटात रेंज नव्हती, तरी काढत होते.

डॉक्टर बाईंनी काचबिंदू सांगितला. तो दोन्ही डोळ्यांत होता आणि बराच पुढे गेलेला होता. कडेची नजर गेली आहे ती परत येणार नाही, मधली आहे ती थेंबांनी टिकवायची, किती टिकेल ते आत्ता सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. काकू वरंधच्या शेतकरी घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पण आता दिसतंय ना त्यास्नी?" डॉक्टर बाई म्हणाल्या, मधलं दिसतंय.

त्यानंतर मला सिनेमा बघता येईना. एक लावायचा, दहा मिनिटांत बंद करायचा, दुसरा लावायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, हा काकांनी बघायलाच हवा, आणि लगेच वाटायचं, नाही, ह्यात वेळ घालवायला नको, त्यापेक्षा तो. बर्फाचा एक सिनेमा होता, रंगांचा एक होता, आणि एक असा होता की त्यात नुसते चेहरे होते, सगळे मधोमध. केमिस्टची अवस्था वेगळी नव्हती. कामावरून सुटला की तो दुकानात यायचा आणि आम्ही काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहून हळू आवाजात वाद घालायचो, की पहिला कुठला दाखवायचा. मी म्हणायचे, जुने राहू देत, ते त्यांच्या डोक्यात आहेत. तो म्हणायचा, डोक्यात आहेत म्हणूनच पुन्हा दाखवायचे, आता पुसट होतील. एकदा त्याचा आवाज चढला आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाई आमच्याकडे बघतच राहिल्या.

काका आले की मात्र आम्ही शहाण्यासारखे वागायचो. ते म्हणाले सिनेमा लांबला, की आम्ही म्हणायचो हो, लांबलाच. ते म्हणाले संगीत छान, की केमिस्ट मान डोलवायचा, आणि मला माहीत होतं की त्याला ते संगीत सहन होत नाही. रविवार लवकर संपायला लागले. मग एका रविवारी काका आलेच नाहीत. पुढच्याही आले नाहीत. फोन काकू घ्यायच्या आणि ते झोपलेत म्हणायच्या.

मी एसटीने पोलादपूरला गेले. काकू दारातच भेटल्या. म्हणाल्या, "झोपतात कसले. घरात बसत नाय एका जागी. ह्या खोलीतनं त्या खोलीत. काय बोलले तर मनावर घेऊ नको गो."

काका पडवीत उभे होते. मी एका नव्या सिनेमाचं नाव काढलं आणि म्हटलं, तुम्हाला नक्की आवडेल.

"मला आवडेल असं तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, आवडला नाही तर बंद करू.

ते खुर्ची चाचपून बसले. "तुम्ही दोघं मला प्रसाद वाटल्यासारखे सिनेमे वाटता," ते म्हणाले. "मी काही बोललो की हो म्हणता. माझे डोळे चाललेत, अक्कल नाही. रविवारी मी भांडायला यायचो. ते तुम्ही बंद केलंत, मग मी येऊन करू काय?"

काकू चहा ठेवून आत गेल्या. काकांनी कप शोधून घोट घेतला आणि मग शांतपणे, मुद्दाम, माझा सर्वांत लाडका सिनेमा काढला. तो मी त्यांना अगदी पहिल्या वर्षी दाखवला होता. एक बाई सगळी हयात दुसऱ्यांचे कपडे शिवते आणि शेवटी स्वतःसाठी एक शिवते, एवढीच गोष्ट. तेव्हा त्यांनी तो चांगला आहे म्हटलं होतं. आता म्हणाले, तो खोटा आहे. ती बाई शेवटी हसते ते दिग्दर्शकाला घाई झाली म्हणून.

मला माहीत होतं की ते मला डिवचताहेत. तरी मी पेटले. मी म्हटलं, तिचं हसणं तुम्हाला खोटं वाटतं कारण तुम्हाला माणसं रडलेलीच खरी वाटतात. ते म्हणाले, तुला गोड शेवट लागतो, औषधावर साखरेचा थर लागतो तसा. मी म्हटलं, थर नसेल तर लोक गोळी थुंकतात. मधेच काकू कप न्यायला आल्या आणि आमच्याकडे न बघताच परत गेल्या. पण पाठमोऱ्या काकूंच्या चालीत हलकेपणा आला होता, किंवा मला तसं वाटलं. ज्या बसने परतायचं ठरवलं होतं ती चुकली. पुढची मिळाली तेव्हाही खिडकीशी बसून मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते, आणि महाडच्या स्टँडवर उतरल्यावर एक फार चांगलं उत्तर सुचलं. घरी चालत जाताना फोन करून ते दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही पटलं म्हणून सांगितलं.

काका पुन्हा यायला लागले. आमचा मोठा टीव्ही त्यांना आता फार मोठा पडतो. जवळ बसलं तर मधला तुकडाच दिसतो, आणि खाली येणाऱ्या इंग्रजी ओळींची टोकं कापली जातात. केमिस्टने लॅपटॉप आणला आणि तो पुढेमागे सरकवत बरोबर अंतर शोधलं. मग त्याने तीच होडी पुन्हा लावली. सगळं चित्र काकांच्या नजरेत एकदम मावलं. धाकटा होडीत आणि थोरला झाडाखाली, दोघं एकाच वेळी. काकांनी तो प्रसंग पुन्हा मागे न्यायला सांगितला.

"आलाय," ते म्हणाले. "पण यायला नको होता."

केमिस्ट एवढा भडकला की त्याने लॅपटॉप मिटला. तो म्हणाला, इतके आठवडे आम्ही जिवाला घोर लावून घेतला आणि तुम्हाला तेच म्हणायचंय? काका म्हणाले, तेच. थोरला आला नसता तर सिनेमा मोठा झाला असता, आता तो बरा आहे. त्यावर ते दोघं अजून भांडताहेत. मी कधी ह्याच्या बाजूने असते, कधी त्याच्या.

थेंबांच्या वेळा ठरलेल्या आहेत. सिनेमा ऐन रंगात असतो आणि काकांच्या फोनचा गजर होतो. मी थेंब घालते. मग डोळे मिटून बसायचं, तोवर सिनेमा थांबलेला आणि आम्ही तिघं बोलत असतो. डॉक्टर बाईंकडे गेल्या खेपेला डोळ्यांतला दाब आटोक्यात निघाला. पुढची तपासणी पावसाळ्यानंतर आहे. त्या म्हणतात, धीर धरा. मला तो धरता येत नाही. कामाच्या दिवशीही दुकानात काकांची पावलं वाजली की मी आधी बघते, ते दारातून सरळ आत येतात की चौकटीला हात लावून.

परवाच्या रविवारी केमिस्टने एक लांबलचक तुर्की सिनेमा आणला होता. डोंगर, पाऊस, दोन माणसं आणि एक गाढव. मी सिनेमा बघत नव्हते, काकांना बघत होते. गाढव कडेला गेलं की त्यांची मान हलते का, ओळी त्यांना पुऱ्या वाचता येतात का, तेवढंच. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता हात वर केला.

"पुढे बघ," ते म्हणाले.

मी पुढे बघितलं. एक माणूस दुसऱ्याची माफी मागत होता आणि गाढव कुठेच नव्हतं. तो माफी कशाची मागतोय ते मला कळेना. मी केमिस्टला म्हटलं, जरा मागे ने रे. दोघंही एकदम नाही म्हणाले.