मास्तरांची चिमटी

मास्तरांच्या गळ्यात टेप असायचा तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. खरं माप त्यांच्या चिमटीत होतं. कच्चा शिवलेला शर्ट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, ओठांत टाचण्या धरायच्या, कुशीपाशी जास्तीचं कापड अंगठ्यात आणि तर्जनीत पकडायचं आणि त्या ओळीवर खडू ओढायचा. शर्ट असा बसायचा, की गिऱ्हाईक आरशासमोर आपोआप पोट आत घ्यायचं. बाकीची विद्या मशीनलाही येते, असं मास्तरांचं मत होतं.

एका थंडीत ही चिमटी मिटेनाशी झाली. आधी बोटं पांढरी पडली, मग सुजली, मग कातडी इतकी ताठरली, की जणू कॉलरीत घालायचं बकरम कुणी बोटांत घालून वरून टीप मारली असावी. ओठही आवळले, टाचण्या राहीनात. शर्ट ढगळ होऊ लागले. गल्लीने ती नवी फॅशन समजून गोड मानून घेतली. सगळ्यांत खूश मेहुणा.

"भावोजी, तुमच्या शर्टात पहिल्यांदाच पोटभर जेवलो."

मास्तरांना हे वर्मी लागलं. त्यांनी युक्ती काढली: चिमटी मिटत नाही ना, मग खडू बोटभर आत ओढायचा. काही दिवस निभावलं. पुढे कात्रीच्या कडीत अंगठाच जाईना. कापायला बायको बसली आणि मास्तर तिच्या डोक्यावर उभे राहिले.

"अगं, तिरकं जातंय."

"जाऊ दे. घालणारे तरी कुठे सरळ आहेत?"

शेजारच्या इस्त्रीवाल्याने दुकानाची जागा मागितली होती. "बघू," असं बायको त्याला सांगत होती. हात परत आले नाहीत तर हे 'बघू' फार दिवस टिकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी दोघं मोठ्या इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, "रोगाशी लढायला मदत करणाऱ्या तुमच्या काही बी-पेशी बिघडल्यात. त्या तुमच्या शरीरालाच परकं समजतायत, म्हणून कातडी ताठरतेय. आम्ही तुमच्याच रक्तातल्या लढाऊ टी-पेशी काढून घेऊ, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करून त्यांना या बी-पेशी ओळखायला शिकवू आणि परत तुमच्यात सोडू. त्या जुन्या बी-पेशी संपवतील. पुढे नव्या येतील, त्या शहाण्या निघतील अशी आशा."

"म्हणजे कापड गिऱ्हाइकाचं, शिलाई तुमची."

"तसं म्हणा."

"आणि बिघडलं तर?"

"जोराचा ताप येऊ शकतो, डोकं भ्रमू शकतं, साध्या जंतूंशीही लढायची ताकद काही काळ जाते. या आजारावर हा उपाय नवा आहे. हमी नाही."

मास्तरांना बाई आवडल्या. हमी देणाऱ्या शिंप्याकडे कापड टाकू नये, हे ते धंद्यात शिकले होते.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "मला माणूस हवाय. हात कसेही असोत."

"बिनकामाचा माणूस घरात बसला, की आठवड्यात तूच मला कुणाला तरी देऊन टाकशील."

ती हसली नाही. पण हो म्हणाली.

आधी औषधांनी रक्तात जागा करून घेतली, मग त्या शिकवून आणलेल्या पेशी एका छोट्या पिशवीतून अंगात गेल्या. एवढ्या खटाटोपानंतर एवढीशी पिशवी, म्हणून मास्तर जरा हिरमुसले. मग ताप चढला. तापात त्यांनी नर्सला तिची बाही काखेत ओढतेय, उसवावी लागेल, असं बजावलं. बायको घाबरली, नर्सने मात्र ओढून पाहिली आणि म्हणाली, "ओढतेय खरी."

ताप उतरला, मास्तर घरी आले आणि कितीतरी दिवस काहीच झालं नाही. बायको "कसं वाटतंय?" विचारायचीही थांबली. मग हळूहळू मनगटापाशी कातडी बायकोच्या चिमटीत यायला लागली, ओठ सैल पडले. बोटांचं मात्र कळेना.

तेवढ्यात मेहुण्याला बढती मिळाली. त्याला कोट हवा होता. मास्तरांनी कच्चा कोट त्याच्या अंगावर चढवला, कुशी धरली, खडू ओढला. बायकोने शिवला.

मेहुणा घालायला आला. बटण काजापर्यंत पोचेना.

"भावोजी, श्वास अडकलाय."

"खातोस किती," म्हणत मास्तरांनी कोट उलटा केला आणि शिवण पाहिली. शिवण बोटभर आत होती. चिमटी मिटत नव्हती तेव्हाच्या सवयीने त्यांनी खडू आत ओढला होता.

बायकोने त्यांचा हात धरून उजेडात नेला. "अहो, मिटवा बघू."

अंगठा आणि तर्जनी टोकाला टोक लागून मिटली.

"माझ्या कोटाचं वाटोळं झालं आणि तुम्ही दोघं हसताय?" मेहुणा म्हणाला.

"हो," त्याची बहीण म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

मास्तर कोट घेऊन उसवायला बसले. "द्या, मी उसवते," म्हणून तिने हात पुढे केला, तर म्हणाले, "हात लावायचा नाही."

"बरं. मी इस्त्रीवाल्याकडे जाऊन येते."

"कशाला?"

"जागा मिळणार नाही, हे सांगायला."

मास्तरांनी मान वर केली नाही. करंगळी अजून वाकत नव्हती. तिच्याखालून कापड सारखं निसटत होतं आणि ते पुन्हा पुन्हा ओढून घेत होते.