निळा ओरखडा

आमचे हे गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करतात. गाडीला पोचा पडला की ठोकून, रंगवून नव्यासारखी करून देतात. उभा जन्म गाड्यांत गेला, त्यामुळे सायकलवाले म्हणजे यांचे सात जन्मांचे वैरी. "लेकाचे मध्येच घुसतात!" जेवताना तेच, झोपताना तेच. आणि लेक कशी निघाली? बापाच्या नाकावर टिच्चून निळी सायकल घेतली नि तिच्यावरूनच कामाला जायला लागली.

मागच्या महिन्यात वळणावर एका गाडीने तिला घासून पाडलं आणि न थांबता निघून गेली. पाय मोडला पोरीचा. नंबर दिसला नाही, गाडी पांढरी एवढंच आठवलं. पांढऱ्या गाड्या काय थोड्या आहेत?

तेव्हापासून यांचं डोकंच फिरलं. कालपर्यंत सायकलवाले चोर होते, आता सगळे गाडीवाले. पांढरी गाडी दुरुस्तीला आली की आधी गुडघे टेकून पत्र्यावरून नख फिरवायचे. कुणी "खांबाला घासली हो" म्हटलं की यांची भुवई वर. शेजाऱ्याने गाडी धुतली तरी "आजच का धुतली?" मला तर बाई धास्तीच, कुणाच्या तरी अंगावर धावून जातील. लेक रोज विचारायची, "बाबा, सापडली का हो?"

काल मी डबा घेऊन गेले, तर हे एका पांढऱ्या गाडीपाशी बसलेले. डाव्या बाजूला, चाकाच्या वर, निळा ओरखडा. गाडी नर्सबाईंची, यांच्या जुन्या गिऱ्हाइकाची.

"कुणाला पाडलंत?" हे गरजले.

"पाडलं? नाही हो!" बाई गडबडल्या. "मागच्या महिन्यात तुमच्याकडून रंगवून नेली ना, तेव्हाच वळताना काहीतरी घासलं. वाटलं, कठडा असेल. घरी जाऊन बघते तर डावा आरसा मिटलेलाच. तुम्ही दारात त्या सायकलवाल्याशी भांडत होतात, मी चावी घेतली नि निघाले."

यांचा चेहरा खर्रकन उतरला. गॅरेज अरुंद, म्हणून गाडी आत घेताना आरसे मिटायचे आणि चावी देण्याआधी उघडायचे, ही यांचीच शिस्त.

मी मात्र उसळले. "अहो बाई, आरसा मिटलाय हे गाडी चालवताना दिसत नाही? नि घासल्यावर उतरून बघू नये?"

"कुणी होतं का तिथे?" त्यांनी हळूच विचारलं. यांनी हातानेच मला गप्प केलं आणि त्यांना सगळं सांगितलं. बाई मटकन खाली बसल्या. डबा तसाच घरी आला.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "सापडली?"

हे तिच्या प्लास्टरपाशी बसले. नर्सबाई, आरसा, दारातलं भांडण, काही म्हणजे काही लपवलं नाही. पोर खाली मान घालून ऐकत राहिली.

"पण बाबा," ती म्हणाली, "त्या सायकलवाल्याने केलं काय होतं?"

यांनी खूप आठवून बघितलं.

"आठवत नाही गं," म्हणाले.