चांदीचे पुंजके आणि माझा जळफळाट

मित्रांनो, आज लई जळलो. खोटं कशाला बोलू?

भूकंपानंतर पत्र्याच्या शाळेत माझ्यासंगं शिकलेली औशाची शबाना आज लातूरला माझ्या फिजिक्सच्या क्लासवर आली. ती प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेल्या पेटीत चांदीच्या अणूंचे बारके पुंजके गुळगुळीत चकतीवर अलगद बसवते. "जोरात आदळले की फुटतात, म्हणून हळूच उतरवायचे," ती म्हणाली.

एरवी मुकी बसणारी माझी पोरं तासभर विचारतच राहिली. "मॅडम, हवा का काढायची?" "मॅडम, पुंजके दिसतात कसे?"

ती गेल्यावर मीपण जोशात तेच पुढं शिकवायला लागलो. पहिल्या बाकावरच्या पोरीनं लगेच हात वर केला. "सर, हे पेपरला येतं का?"

सांगा बरं, शबानाला हे एकानंही का नाही विचारलं?