आत्याची आठ मिनिटांची बॅटरी

आमची आत्या उजेड मोजून वापरायची. "फाट्यावरनं मळ्यात यायला आठ मिनिटं लागत्यात. बॅटरीत आठ मिनिटांचा जीव पायजे. नववं मिनिट कुणासाठी?" असं ती म्हणायची. बॅटरी म्हणजे विजेरी. आमच्याकडे तिला दुसरं नाव नाही. आत्याची मुठीत मावणारी, दोन सेलची होती.

चालताना ती बटन दाबून धरत नसे. एकदा उजेड पाडायचा, वाट डोळ्यांत भरून घ्यायची, बंद करायचं आणि पंधरा पावलं अंधारातच टाकायची. "वाट काय पळून जाती का?" उजेड पिवळा पडला, की दुपारी सेल पत्र्यावर उन्हात ठेवायची. पापडांसारखे उलटायचीसुद्धा.

आत्या वडिलांची थोरली बहीण. चौथी शिकलेली. लग्नानंतर दोन वर्षांतच सासरहून माघारी आली, ती येडगावजवळच्या आमच्या मळ्यातच राहिली. एका टोकाला गोठा, दुसऱ्या टोकाला एसटीचा फाटा, एवढंच तिचं जग. नारायणगावचा बाजारही वडीलच करायचे. माघारी आलेल्या बाईनं फार कुठे दिसू नये, असं आमच्या घरात कुणी तोंडानं बोललं नाही. पाळलं मात्र सगळ्यांनी. मीसुद्धा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते. पण ते झालं आत्यामुळे. मी नारायणगावला कॉलेजात जायला लागले, तीच वर्षं बिबट्यांची. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबटे राहायला आले. थंडीत दिवस लहान झाले तसे वडील म्हणाले, "एसटी येती तवर अंधार पडतो. बास झालं कॉलेज."

चुलीपुढून आत्या बोलली, "मी जाते की फाट्यावर. बॅटरी हाय."

"एक दिवस जरी काय घडलं ना, दुसऱ्या दिवशी पुस्तकं माळ्यावर," वडील म्हणाले. ते बोलले की बोलले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आत्या फाट्यावर उभी. कंडक्टर ओरडायचा, "चला ताई, तुमची हेडलाइट आली!" आत्या त्याच्या तोंडावर उजेड मारायची आणि लगेच बंद करायची. त्याच्यावर एवढाच खर्च.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा आली आणि लोडशेडिंगनं वैताग आणला. मी गोधडीत शिरून आत्याच्याच बॅटरीवर वाचायचे. सकाळी बॅटरी गुपचूप खुंटीला.

अशाच एका संध्याकाळी आम्ही निम्म्या वाटेत होतो. दोन्ही बाजूंना ऊस. आत्यानं बटन दाबलं आणि पुढे वाटेवरच दोन डोळे चमकले. वाघ बसला होता. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. आम्ही तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे सरकलो, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरलो आणि कडी लावली. खोली कसली, पत्र्याचं खोकं. पाठीला स्टार्टरची पेटी, नाकात ग्रीसचा वास, बसायला जागा नाही. बॅटरीचा उजेड हळदीसारखा झाला होता. आत्यानं तो बंद केला.

"आत्या, लाव ना गं."

"न्हाई. हाय तेवढा वाटंला लागंल."

बाहेर ऊस खसखसला. घर हाकेच्या अंतरावर होतं. मी म्हणाले, "ओरडू या का?"

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "वरडलीस तर तुजा बाप काठी घिऊन यील. आन् उद्यापास्नं तू घरात. माज्यासारकी."

एसटी रोजच उशीर करायची. त्यामुळे घरी शंका यायला अजून थोडा अवकाश होता. काळोखात किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मीच बोलले, "आत्या, सेल मी संपवले."

"म्हाईतंय. खुंटीला तू बॅटरी उलटी अडकवतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"वाचत व्हतीस ना? आज उन्हात ठिवले व्हते मी सेल."

"आज आभाळ होतं, आत्या."

"ते तर हायेच, राव."

आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. मग बाहेर सगळं निवांत झालं, तशी तिनं कडी काढली. त्या दिवशी प्रथमच आत्यानं बटन दाबून धरलं आणि सोडलं नाही. गोठ्याच्या कोपऱ्यावर उजेड विझला.

"उशीर केला?" वडिलांनी विचारलं.

"एसटी पंक्चर झाली व्हती," आत्या म्हणाली. ती भावाशी खोटं बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

पुढे मी पदवी घेतली. पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगारात आत्यासाठी चार्जिंगची बॅटरी आणली. "सहा तास चालते," मी ऐटीत म्हणाले. आत्यानं भरदुपारी भिंतीवर उजेड पाडून बघितला.

"सहा तासात मानूस चालत कुठवर जातं गं?"

मी हिशेब केला. "जुन्नरच्या पुढे. पार लेण्याद्रीपर्यंत."

लेण्याद्रीचा गणपती तिनं पाहिलेला नव्हता. ती बटनाशी चाळा करत राहिली. "एवढा उजेड घिऊन मी जाऊ कुठं?" म्हणाली आणि उठून बॅटरी खुंटीला लावली.

'चल, जाऊ या,' एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी शिकलेली, मी तिला चार्जर कुठे लावायचा ते दाखवलं.

आत्या गेली. ती बॅटरी शेवटपर्यंत फाट्याच्या पुढे गेली नाही.