राक्षसाच्या नाकावरची पायरी

श्रद्धा राऊतनं पाच राक्षस शेठच्या टेबलावर ओळीनं उभे केले आणि मला म्हणाली, "काका, मी हे विकत घेतले नसते."

राक्षस म्हणजे अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे पुतळे. आमच्याच साच्यातून निघालेले. आठ दिवसांपूर्वी ती ते राखाडी, कोरे घेऊन गेली होती तेव्हा खूश होती. आता रंगवून परत आणले होते. माशासारखं खवल्यांचं अंग, हातात भाला, मान खांद्यावरून मागे वळवलेली. आणि पाचही जणांच्या नाकावरून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक काळी रेघ. चेहरा मधोमध चिरून पुन्हा चिकटवल्यासारखा.

मी तारापूर एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिक कारखान्यात टूलरूम सांभाळतो. टूलरूम म्हणजे जिथे साचे बनतात ती जागा. एकतीस वर्षं मी बादल्या, झाकणं, मगे आणि पाइपांचे जोड यांचे साचे केले. राक्षस पहिल्यांदाच.

श्रद्धा पालघरची. कोळगावला सरकारी कार्यालयात नोकरी करते. कॉलेजपासून तिला एक नाद आहे. टेबलावर थर्माकोलच्या टेकड्या मांडायच्या, दोन्ही बाजूंनी असल्या पुतळ्यांच्या फौजा उभ्या करायच्या, फासे टाकून लढाई खेळायची. बाहेरच्या देशातून पुतळे मागवून, स्वतः रंगवून तिनं मोठा संग्रह केला होता. आता दोन मैत्रिणींबरोबर स्वतःची फौज बाजारात आणायची होती. समुद्रातून वर आलेले राक्षस. मुंबई-पुण्याच्या खेळणाऱ्यांनी आगाऊ नावं दिली होती.

पहिल्या भेटीत तिनं फोम लावलेल्या डब्यातून आपले निवडक बारा पुतळे काढून मला दाखवले होते. मी विचारलं, "एवढे हजारो प्रकार मिळतात म्हणता. मग त्यातून निवडता कसे?"

"दोनदा बघते," ती म्हणाली. "आधी तीन फुटांवरून. खेळताना तेवढंच अंतर असतं. तिथून हा धनुर्धारी की भालाईत, चालतोय की पळतोय, हे कळलं पाहिजे. मग हातात घेऊन. तेव्हा लांबून न दिसलेलं काहीतरी सापडलं पाहिजे. पट्ट्याची बकल, तुटका दात, काहीही. दोन्ही जमलं तरच घ्यायचा. आणि अख्खी फौज एकदम घ्यायची नाही. जो रंगवावासा वाटतो तो एकच आधी. सरदार सगळ्यात शेवटी."

"शेवटी का?"

"तोपर्यंत आपली फौज कसली आहे ते आपल्याला कळलेलं असतं."

मला हे ऐकायला आवडलं होतं. बादली निवडताना एवढा विचार कुणी करत नाही.

तर ती रेघ. कोऱ्या प्लॅस्टिकवर ती आम्हाला कुणालाच दिसली नव्हती. पण हे लोक रंगवताना वरून पातळ काळपट रंगाचा एक हात देतात. तो खाचाखोचांत उतरतो आणि खवले, सुरकुत्या उठून दिसतात. जिथे खाच नको होती तिथेही तो उतरला होता.

आमच्या किरीटशेठनी भिंग लावून पाहिलं आणि लगेच निकाल दिला. "हा फ्लॅश आहे. शिवपूजननं मशीनचं प्रेशर कमी ठेवलं असणार."

फ्लॅश म्हणजे साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या फटीतून बाहेर आलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा. मशीन साचा नीट दाबत नसेल तर येतो. शिवपूजन आमचा मशीन ऑपरेटर, ठेकेदारामार्फत आलेला. गोरखपूरकडचा, वय पंचेचाळीसच्या आसपास, बोईसरमध्ये बायको-मुलींसह राहतो. सहा वर्षांत त्याच्याबद्दल तक्रार नव्हती.

"त्याला ठेकेदाराकडे परत पाठवा," शेठ म्हणाले. "सावे, तुमचा साचा तर ओके होता ना?"

"ओके होता," मी म्हणालो.

हे उत्तर मी का दिलं, ते सांगतो. साच्याचे दोन भाग एकमेकांसमोर बरोबर यावेत म्हणून एका भागात चार पिना असतात आणि दुसऱ्यात त्या पिनांसाठी बुश, म्हणजे पोलादी नळ्या. बुशची भोकं मी स्वतः पाडली होती. तपासणीत दोन भाग सहा शतांश मिलिमीटरनं सरकलेले निघाले होते. डोक्याच्या केसाइतकं. बादलीच्या झाकणात आम्ही दहा शतांशही चालवतो. मी रिपोर्टवर 'ओके' लिहून सही केली होती. पण बादलीला चेहरा नसतो. राक्षसाचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटरचा, आणि मान वळवलेली असल्यामुळे साच्याचा जोड थेट त्याच्या नाकावरून जात होता.

केबिनमध्ये बसून हे सगळं माझ्या डोक्यात आलं होतं. तरी मी म्हणालो, ओके होता. कदाचित खरंच फ्लॅश असेल, असं स्वतःला सांगितलं.

तिथून मी फिनिशिंगच्या टेबलाकडे गेलो. तिथे नवापूरच्या हिराबाई पुतळ्यांच्या कडा ब्लेडनं साफ करतात. मी एक पीस उचलला आणि म्हणालो, "बाई, हा पापुद्रा नीट काढत जा."

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. "पापुद्रा? पापुद्रा असता तर एका हातात निगाला असता. ही पायरी हाय, दादा. नख लावून बगा. एका बाजूला पुडचा भाग भायेर, दुसऱ्या बाजूला मागचा. सगल्याच नगांना तसंच. मी आट दिस झाले सांगते, कोनी ऐकत नाय."

"मला कुठे सांगितलंत?"

"तुमचाच साचा. तुमाला कशी सांगू?"

मी नख लावलं. पायरी होती. साच्याचे दोन भाग सरकले की ती येते; प्रेशर कितीही वाढवलं तरी जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत शिवपूजन टूलरूमच्या दारात येऊन उभा राहिला. ठेकेदाराचा फोन त्याला आला होता. "सावेजी, मैंने प्रेशर दो बार बढ़ाया। साँचा रोज़ पोंछता हूँ। आप एक बार सेठ से बोल दो, आपकी बात मानेंगे।"

त्याला वाटत होतं की मी शिफारस करावी. चूक माझी आहे हे त्याच्या मनातही नव्हतं. मला ते फार जड गेलं. त्यानं भांडण केलं असतं तर मी उलट बोलू शकलो असतो.

"तू जेवून घे," मी म्हणालो. माझा डबा मात्र मी उघडला नाही.

साचा मशीनवरून उतरवून घेतला, डायल गेज लावून पुन्हा मापला. सहा शतांश. रिपोर्टची फाइल काढली आणि केबिनमध्ये गेलो. श्रद्धा अजून तिथेच होती, पुतळे फोममध्ये भरत होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं. मग वाटलं, थांबलो तर आज बोलणं होणार नाही.

"शेठ, हा फ्लॅश नाही. साचा सरकलेला आहे. मला ट्रायलचे नग काढायच्या आधीपासून माहीत होतं. सही माझी आहे."

शेठनी रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे. "आणि सकाळी काय म्हणालात?"

"खोटं बोललो."

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा की पकडले गेलात पहिल्यांदा?"

क्लायंटसमोर हा प्रश्न ऐकून कान गरम झाले. श्रद्धाच आधी बोलली. "काका, दुरुस्त होईल का ते सांगा. मला लोकांना तारीख कळवायची आहे."

मी सांगितलं. चारही बुश काढून भोकं नव्यानं पाडावी लागतील. आठ दिवस. जोडाची रेघ पूर्ण जाणार नाही, कारण दोन भागांचा साचा म्हटला की जोड असतोच. पण पायरी जाईल, आणि उरलेली रेघ नखानंही लागणार नाही.

"चालेल," ती म्हणाली. "पण या वेळी पीस मी इथेच रंगवून बघणार."

शेठनी ठेकेदाराला फोन लावला आणि शिवपूजनला राहू द्या म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. ते मी सांगितलं, मशीनजवळ जाऊन. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सुबह बोल देते तो मैं घर पर फ़ोन न करता।" आणि मशीनकडे वळला. पुढचे बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

आठऐवजी अकरा दिवस लागले. श्रद्धा सुट्टी टाकून आली, फिनिशिंगच्या टेबलावर रंग मांडून बसली. पहिला राक्षस वाळल्यावर तिनं तो तीन फुटांवर ठेवून पाहिला, मग हातात घेऊन पाहिला. मग हिराबाईंना दिला. हिराबाईंनी नख फिरवलं. "आता लागत नाय," त्या म्हणाल्या. लॉट पास झाला. सध्या श्रद्धाच्या राक्षसांच्या सरदाराचा साचा माझ्याकडे चालू आहे.

ज्यानं साचा केला त्यालाच तो तपासायला देऊ नये, एवढं कारखान्यानं यातून घेतलं. रिपोर्टवर आता दोन सह्या लागतात. दुसरी सही ऑपरेटरची, म्हणजे शिवपूजनची. तो मशीन थांबवून, नख लावून, सावकाश बघतो आणि मला उभं ठेवतो. पहिल्या महिन्यात त्यानं माझे दोन साचे परत पाठवले. दोन्ही वेळा त्याचं बरोबर होतं.