आदत रुपया

फोन आला तेव्हा मी सोलापुरात तोंडाला साबण फासून दाढीला बसलो होतो. पलीकडून माझी थोरली बहीण, अक्का, एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले रे..." आणि मग, जरा थांबून, "येताना एखादा नवा कोरा रुपया मिळाला तर बघ." नवरा गेल्याचं सांगताना कुणी असलं काही मागितलं तर दुसऱ्याला वाटेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तसं वाटलं नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून मी परंड्याची एसटी पकडली आणि वाटेत कंडक्टरची सगळी चिल्लर तपासून काढली. एकही रुपया पास झाला नाही. शेवटी कंडक्टर माझ्याकडं तिकीट तपासनीस असल्यासारखा घाबरून बघायला लागला.

गावात पोचलो तर तिरडी तयार आणि माणसं खोळंबलेली. आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या कपाळाला रुपया लावून निरोप देतात. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं खिशातला रुपया पुढं केला होता. अक्कानं तो उन्हात तिरका धरून बघितला आणि परत दिला. "जुळलेला हाय. ह्यो न्हाय लावायचा त्यास्नी."

हे 'जुळलेला' प्रकरण कळायचं तर दाजींचा धंदा माहीत हवा. दाजी जनावरांच्या बाजारातले दलाल. बैलाचा जबडा उघडायचा आणि दातांवरून वय सांगायचं. दुधाचे दात शाबूत असतील तर 'आदत', मग दोन दाती, चार दाती, आणि सगळे दात येऊन बसले की 'जुळला'. एकदा बाजाराच्या फाटकावर रंगवलेल्या बैलाकडं बघून दाजी म्हणाले, "ह्यो सहा दाती हाय, तुमी आदत म्हणून रंगवलाय," आणि रंगाऱ्यानं मुकाट्यानं ब्रश खाली ठेवला. मी तिथं नव्हतो, पण शपथेवर सांगतो. पुढं गुडघे बोलायला लागले, बाजार सुटला, आणि हा दातांचा हिशोब दाजींनी चिल्लरीला लावला. नाणं कडेनं धरायचं, मध्ये अंगठा ठेवायचा नाही, घाम लागतो. उन्हात तिरकं करायचं. नाणं कोरं असेल तर उजेड त्याच्यावर गोल फिरतो, मोरानं फेर धरावा तसा. हातोहात फिरलेलं असेल तर आधी सिंहाचे गाल झिजतात, मग आयाळ, मग कडेच्या रेघा. "आदत असंल तर नाणी जमवणारं हौशी गिऱ्हाईक चार पैसे जास्त दील," ते सांगायचे, "आन जुळला असंल तर त्याची काडेपेटी आणावी." मला ते सिंह हे शिकवण्यासाठीच दाढी करून गुळगुळीत बसल्यासारखे वाटायचे.

गावानं या नादाची थट्टाच केली, ती सोपानच्या गाईपर्यंत. सोपान आमच्या दाजींचा शेजारी. त्याला मोबाईलवर एक भला माणूस भेटला होता. सोपानजवळच्या जुन्या, जाड पाच रुपयांच्या नाण्याला तो नऊ लाख देणार होता; फक्त आधी नोंदणीची फी भरायची. फीसाठी सोपाननं दारची दुभती देवणी गाय विकायला काढली. गिऱ्हाईक ठरलं, दावं सुटायचंच राहिलं. तेवढ्यात सोपानच्या बायकोनं, सुमननं, फोटोत चमकावं म्हणून ते नाणं लक्ष्मीपूजनाला घासतात तसं चिंच आणि राखेनं लख्ख घासलं, आणि नवराबायको ते मिरवत दाजींकडं आले.

दाजींनी नाणं उन्हात धरलं. मग बाजारात करतात तसा उपरणं टाकून सोपानचा हात आत घेतला आणि भाव सांगायला पाच बोटं दाबली.

"पाच लाख?" सोपान म्हणाला.

"पाच रुपये. सुमन, म्हाताऱ्या बैलाची शिंगं साळून रंग दिला म्हंजी त्यो आदत हुतो व्हय? जुना तजेला व्हता, त्यो बी तू धुऊन टाकलास."

सोपान भडकला. "आबा, तुमाला बैलातलं कळतं. नाण्याला काय शेपूट असतंय? जळतंय तुमचं."

दाजी भांडले नाहीत. त्यांनी सोपानला स्टँडसमोरच्या हॉटेलात नेलं, गाईच्या गिऱ्हाइकालाही बोलावलं, आणि सगळ्यांसमोर त्या भल्या माणसाला फोन लावायला लावला, स्पीकरवर. "सायेब, असली नाणी माझ्याकडं पोतंभर हायती. समदी घ्या, आन सोपानची फी माझ्या पैशातनं कापून घ्या." तिकडून उत्तर आलं, फी आधीच भरावी लागते. दाजी इतके गोड झाले की हॉटेलातल्या साखरेला लाज वाटावी. "नऊ लाखाचा माल घेताय, आन फीपुरतं अडून बसलाय? म्या देऊ का उसने?"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद. हॉटेलात असा दंगा उसळला की पत्र्यावरची कबुतरं थेट परंड्याच्या किल्ल्यावर जाऊन बसली, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून उतरलेली नाहीत. सोपान मात्र हसला नाही. तो उठला आणि गिऱ्हाइकाच्या हाताला हात लावून म्हणाला, "गाय न्हाय द्यायची." त्या दिवसापासून गावात कुणीही नाणं सरळ खिशात टाकलं नाही. आधी उन्हात, मग खिशात. दाजी दारात बसून हे बघत आणि मिशीला पीळ देत... जिंकलेल्या पैलवानानं तालमीकडं बघावं तसे.

म्हणून त्या दिवशी अंगणात जे दिसलं ते दाजींनी बघायला हवं होतं. अख्खं गाव खिसे उलटे करून उभं, प्रत्येकाच्या बोटांत कडेनं धरलेला रुपया, आणि सगळी तोंडं सूर्याकडं. "दोन दाती हाय." "ह्याचे गाल गेले." तिकडं किराणा दुकानाचा गल्ला दुकानाच्याच ओट्यावर पालथा झाला होता. तिरडीवर दाजी शांत पडलेले. गिऱ्हाईक भावावर येईस्तोवर मुद्दाम डोळे मिटून घ्यायचे, तसे.

शेवटी सोपान आला. दुकानापासून हात पुढं धरून, तुळशीला पाणी घालायला निघाल्यासारखा जपत. "काकू, कडेनंच धरून आणलाय."

अक्कानं रुपया तिरका केला. उजेड त्याच्यावर गोल फिरला. "आदत हाय," ती म्हणाली, आणि मगच रडली.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना तो रुपया सापडला, काळाठिक्कर. म्हातारे म्हणाले, राखेबरोबर नदीत सोडा, घरात आणू नये. अक्कानं तो पदरात घेतला. आता तो दाजींच्या पानतंबाखूच्या चंचीत असतो, आणि चंची त्यांच्या खुंटीवर. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा सुमन रोजचं दूध घेऊन आली होती, त्याच गाईचं. चंचीतून रुपया काढून बघत ती म्हणाली, "काकू, जरा चिंच लावून देते की."

अक्कानं तिच्या हातातून तो काढून घेतला, कडेनं धरून.

"ऱ्हाऊ दे. भाव जाईल."