पश्चिमेच्या दाराची कडी

जेमायमा झिराडकरचं काम ऐकायला सोपं होतं. खुर्च्या मांडायच्या, दिवे लावायचे, वाजवणं सुरू झालं की दारं लावून घ्यायची आणि संपेपर्यंत कुणी कितीही ठोठावो, उघडायची नाहीत. यरुशलेममधलं ते दगडी घर तुर्कांच्या अमदानीत कुणा व्यापाऱ्यानं बांधलेलं. वर घुमट, भिंती दोन हात जाड. दर मंगळवारी दुपारी घुमटाखालच्या दिवाणखान्यात दोन व्हायोलिनं, एक व्हिओला आणि एक चेलो, एवढीच वाद्यं वाजायची. ऐकणारे बहुतेक युरोपातून जीव वाचवून आलेले म्हातारे. माईक नाही, रंगमंच नाही. पुढच्या रांगेतल्याला वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा.

सुरुवातीला बाईला त्यात काडीचा रस नव्हता. गाणारा नाही, तबला नाही, आणि सगळी माणसं एरंडेल प्याल्यासारखी तोंडं करून बसलेली, ह्याला काय ऐकणं म्हणायचं? पण दर आठवड्याला कानावर पडत गेलं आणि चटक लागली. नवरा मुंबईतच वारलेला, पदरात एकटा इमॅन्युएल. तो लहानाचा मोठा ह्याच घरात झाला, दिवाणखान्याला लागून असलेल्या राखणदाराच्या खोलीत. शाळा सुटली की बागेतून, पश्चिमेच्या दारानं आत यायचा, शेवटच्या रांगेत बसायचा आणि पुढच्या खुर्चीवर तंगडी टाकायचा. जेमायमा त्याला दटावायची, तो पाय खाली घ्यायचा आणि तिची पाठ वळली की पुन्हा वर.

त्र्याहत्तर साली किप्पूरच्या उपासाच्या दिवशीच लढाई पेटली आणि इमॅन्युएल सुएझच्या कालव्यावर लढायला गेला तो पेटीतूनच परत आला. पेटी उघडू दिली नाही. लष्करातल्या साहेबानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं, बाई, न बघितलेलं बरं. जेमायमाला ते कधीच पटलं नाही. लेकाचं तोंड न बघता त्याला पुरायचं म्हणजे काय, असं ती भेटेल त्याला विचारायची.

आता इथं एक सांगायला हवं. कोकणातून आलेली ही बेने इस्राएल यहुदी माणसं किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणतात. दारं लावायची, पांढरं नेसायचं, परक्याशी बोलायचं नाही. त्याच्या आदल्या दिवसाला माळमा म्हणतात. त्या दिवशी घरातली गेलेली माणसं भेटीला येतात, आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, आपापल्या वाटेनं परत जातात. जेमायमाची सासू बजावून सांगायची की ज्या दारानं आली ते दार शिळ्या सणाला सताड उघडं ठेव, आणि ती निघाली की हाक मारू नको.

पुढच्या वर्षी माळम्याच्या दुपारी जेमायमा दिवाणखान्यात खुर्च्या पुसत होती. वारा नव्हता. पश्चिमेचं दार आपसूक उघडलं, जड बूट फरशीवरून घासत गेले आणि शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली. मग तिच्या पुढची खुर्ची जराशी हलली. जेमायमानं मागं वळून बघितलं नाही. हसू आणि रडू एकदमच आलं, आणि तशीच ती पुसलेल्या खुर्च्या पुन्हा पुसत राहिली.

शिळा सण उजाडला. बाईनं दार उघडलं नाही. उलट आतून कडी घातली, कडीला कुलूप लावलं आणि किल्ली बागेतल्या विहिरीत टाकून मोकळी झाली. मैफलींची व्यवस्था बघणारा योराम, त्याला सांगितलं की बिजागरी मोडलीय, हात लावू नकोस. तो खूश झाला. म्हणाला, बरंच झालं, बागेतली झुळूक येते ती सूर बिघडवते.

पहिले काही मंगळवार तिनं सुखात काढले. दोन गतींच्या मधल्या शांततेत शेवटची खुर्ची करकरायची आणि हिचा जीव थंड व्हायचा. तिथं ती कुणाला बसू द्यायची नाही. खोबऱ्याच्या दुधात शिजवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा बशीत घालून ठेवायची; तो सकाळी तसाच असायचा, फक्त बर्फासारखा गार.

मग दुसरंच काहीतरी सुरू झालं. रोज संध्याकाळी सरळ रांगेत मांडलेल्या खुर्च्या सकाळी बघावं तर पश्चिमेच्या दाराकडे वळलेल्या. एकटी शेवटची नव्हे, सगळ्याच्या सगळ्या. बंद दिवाणखान्याच्या काचांवर आतून वाफ धरलेली, जणू रात्रभर तिथं माणसं कोंडून ठेवली होती. मैफलीला येणारे म्हातारे शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला लागले आणि तिच्याकडे तोंड करून जर्मनमध्ये, पोलिशमध्ये हलकं हलकं काहीतरी बोलायला लागले. वाजवणं संपलं तरी उठेनात. योरामनं दिवे मालवले तरी अंधारात तसेच बसून राहिले. तो बिचारा दाराशी उभा राहून घसा खाकरत राहिला.

जेमायमाला काय माहीत, की त्या दारानं एकटा तिचा इमॅन्युएल येत-जात नव्हता.

हिवाळ्यातल्या हनुक्का सणाच्या सुमारास चेलो वाजवणारी बत्या तिच्या खोलीत आली. केस पिकलेली, मोजकं बोलणारी बाई. इतक्या वर्षांत दोघींचं नमस्कारापलीकडे बोलणं झालं नव्हतं. ती उभीच राहिली.

"माझी धाकटी बहीण," बत्या म्हणाली. "तीस वर्षं ती मला फक्त झोपेत दिसली. ह्या हिवाळ्यात मी वाजवायला लागले की ती माझ्या पायाशी येऊन बसते. आणि रडते. तिला जायचंय, जेमायमा. तू काय बंद करून ठेवलंयस?"

जेमायमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या बहिणीला तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "माझ्या पोराला दीडसुद्धा नाही. तू तुझं बघ."

बत्या निघून गेली. पण त्या दिवसापासून जेमायमाला नीट ऐकू यायला लागलं. शेवटची खुर्ची कितीतरी दिवसांत करकरली नव्हती. त्याऐवजी पश्चिमेच्या दारापाशी खरवडल्याचा आवाज यायचा, आणि ती इतके दिवस उंदीर, उंदीर म्हणून स्वतःची समजूत घालत होती. सकाळच्या उजेडात ती दारापाशी गेली. कडीच्या भोवती लाकडावर ओरखडे होते, ताजे, खोल, उंच माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. ती खाली वाकली. खाली, तिच्या गुडघ्यापाशी, बारके बारके ओरखडे होते. लहान मुलांच्या हातांचे.

तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. आपण लेकाला घरात ठेवलंय असं तिला वाटत होतं, आणि तो रोज दार ओरबाडत होता.

मंगळवारी संथ गत सुरू झाली तेव्हा जेमायमा हातोडी घेऊन पश्चिमेच्या दाराशी गेली. वाजवणं चालू असताना. योराम धावला, पण पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्याची बाही धरून त्याला बसवलं. दोन घावांत कुलूप तुटलं, आणि तिनं दार सताड उघडलं. बाहेर कडाक्याची थंडी, पण वारा आत आला नाही. आतला वारा बाहेर गेला. खुर्च्या एकेक करून करकरल्या. जेमायमाच्या साडीचा पदर बागेकडे उडत राहिला, अंगाला लागून कितीतरी जण गेले, काही तिच्या कमरेइतकेच उंच. म्हातारे मान खाली घालून बसले होते. बत्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात वाजवत होता.

मग पदर खाली आला. सगळे गेले होते. एक जण तिच्याशेजारी उभा होता.

तिनं वळून बघितलं नाही. कोकणातली आई उंबरा ओलांडणाऱ्या लेकराला जा म्हणत नाही, ये म्हणते. तेच तिच्या ओठांवर आलं. पण तिला स्वतःची खात्री नव्हती, आणि त्याला फसवायचं नव्हतं.

"जा, इमू," ती म्हणाली. "परत येऊ नको. आलास तर मी पुन्हा कडी लावीन."

बूट उंबऱ्यावर घासले आणि बागेतल्या खडीवरून लांब लांब गेले.

त्यानंतर ती कितीतरी वर्षं त्या घरात राहिली. दर माळम्याला दुपारी पश्चिमेचं दार ती स्वतः उघडून ठेवायची, आणि खुर्च्या एकेक करून करकरायच्या. बत्याच्या चेलोशेजारची, दुसऱ्या रांगेतली, खिडकीपाशीच्या ओळीनं सगळ्या. शेवटच्या रांगेतली कधी वाजली नाही. जेमायमा तिच्यासमोर हलव्याची बशी घेऊन अंधार पडेपर्यंत बसायची. पोरगा आईचं ऐकणारा होता.